पडद्याच्या (रेटिनाच्या) फोटोवरून डोळ्यातला परजीवी : ग्रामीण रुग्णालयात कितपत जमतं?

काळी_माती
आमच्या ग्रामीण रुग्णालयात (यवतमाळ जिल्हा) मधुमेहींच्या पडद्याच्या तपासणीसाठी हातात धरायचा ४५ अंशांचा फंडस कॅमेरा आलाय. शिवाय २०डी लेन्स (डोळ्यासमोर धरून पडदा पाहायचं भिंग) आहे आणि बरा फोन आहे. ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) नाही, बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) नाही. त्यासाठी रुग्णाला सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूर गाठावं लागतं.
मधुमेहाचे फोटो सुरळीत निघतात. प्रश्न परजीवी संसर्गाचा आहे. टॉक्सोप्लाझ्मा (एकपेशी परजीवी), टॉक्सोकारा (कुत्र्याच्या जंताची अळी), सिस्टिसर्कस (फीतकृमीच्या अळीची पिशवी) यांची शंका असेल तर या सामानावर फोटोचा उपयोग किती? किती फोटो, कोणत्या भागाचे, आणि समोरच्या तज्ज्ञाला काय पाठवलं तर तो "रुग्णालाच पाठवा" एवढंच म्हणून मोकळा होणार नाही? जाणकारांनी लिहावं.

बुबुळ
आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कॅमेरा परजीवीचं नाव सांगत नाही. फोटोवरून ठरतं ते एवढंच : आज पाठवायचं की पुढच्या आठवड्यात, आणि कोणतं औषध द्यायचं नाही.

टॉक्सोप्लाझ्माचं चित्र त्यातल्या त्यात बोलकं. जुना वण, कडेला काळं रंगद्रव्य आणि मधे पांढरं, आणि त्याच्या काठाला चिकटून नवा, पुसट कडांचा पांढरा डाग. वर व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा भाग) धुरकट असेल तर डाग धुक्यातल्या हेडलाइटसारखा दिसतो. जन्मजात प्रकारात बहुधा मॅक्युलावरच (पडद्याच्या मध्यभागीच) वण असतो, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. पण नुसता पांढरा डाग, शेजारी जुना वण नाही, अशा वेळी टीबी, सिफिलिस, विषाणूजन्य नेक्रोसिस हे सगळे रांगेत उभे असतात. रक्तात आयजीजी (टॉक्सोविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आलं म्हणून टॉक्सो ठरत नाही. ते फक्त कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच सांगतं. निगेटिव्ह आलं तर मात्र शंका बरीच कमी होते.

औषधाचं म्हणाल तर, टॉक्सोच्या शंकेत नुसतं स्टेरॉइड सुरू करू नये आणि डोळ्याशेजारी डेपो (आत राहून हळूहळू झिरपणाऱ्या) स्टेरॉइडचं इंजेक्शन तर अजिबात नको. परजीवीविरोधी औषधाच्या आवरणाशिवाय स्टेरॉइड गेलं की डाग पसरतो.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे डोयात तेल घालून पाहा म्हंता, पन तेलाच्या जागी ड्रॉप! बाप्पा, धाग्याचं नाव वाचून मले वाटलं किड्याचा फोटो पाहाले भेटन.

बुबुळ
@वऱ्हाडी_ठेचा किडा प्रत्यक्ष दिसणं विरळाच. सिस्टिसर्कसमध्ये दिसतो, डीयूएसएनमध्ये नशिबानं. बाकी सगळीकडे आपण किड्यानं मागं ठेवलेलं पाहतो.

पेंच_काठी
फोन आणि २०डीची रीत लिहितो, कारण अर्धे फोटो इथंच वाया जातात.

बाहुली मोठी करायच्या ड्रॉपच्या आधी टॉर्चचा उजेड कानाकडून तिरपा टाकून आयरिस पाहा. नाकाकडच्या अर्ध्यावर सावली पडली तर पुढचा कप्पा उथळ आहे, तिथं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहुली मोठी करू नका. मग ट्रोपिकामाइड ०.८ टक्के + फिनाइलेफ्रिन ५ टक्के, एक थेंब, दहा मिनिटांनी दुसरा. वीस ते तीस मिनिटं थांबा. बीपी वाढलेलं किंवा हृदयरोग असेल तर साधं ट्रोपिकामाइड १ टक्का. तान्ह्या बाळाला फिनाइलेफ्रिन २.५ टक्क्यांच्या वर नको. फिट येणाऱ्या रुग्णाला सायक्लोपेंटोलेट टाळा, त्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

खोली पूर्ण अंधारी. फोन व्हिडिओवर, टॉर्च चालू, फ्लॅशवर पारदर्शक नको तर दुधी सेलोटेपचे एकदोन थर. तीन कॅमेऱ्यांचा फोन असेल तर फ्लॅशच्या सगळ्यात जवळची लेन्स वापरा आणि आपोआप मॅक्रोवर जाणारी सेटिंग बंद करा, नाहीतर ऐन वेळी फोन लेन्स बदलतो आणि चित्र काळं होतं. साधारण दुप्पट झूम. २०डी डोळ्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर, करंगळी रुग्णाच्या कपाळावर टेकवलेली. फोन लेन्सपासून वीतभराहून जरा जास्त लांब. आधी लेन्स डोळ्याजवळ नेऊन बाहुलीतली लाल झाक पकडा, मग हळूहळू मागे घ्या. पडदा लेन्सभर पसरला की थांबा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, एक्सपोजर थोडं खाली आणा. लेन्सवर दोन पांढरी प्रतिबिंबं येतात, लेन्स किंचित तिरकी केली की ती बाजूला सरकतात.

नंतर व्हिडिओतून चौकट (फ्रेम) काढा. चित्र उलटं असतं, म्हणून १८० अंश फिरवा, मिरर करू नका. मिरर केलं की उजव्या डोळ्याचा डावा होतो. पडताळा सोपा : सरळ केलेल्या फोटोत उजव्या डोळ्याची डिस्क (डोळ्याची नस जिथून निघते तो गोल) मॅक्युलाच्या उजवीकडे हवी.

संत्रा_बर्फी
कॅमेरा असताना फोनची कसरत कशाला? ४५ अंशांचा कॅमेरा एका दमात डिस्क-मॅक्युला स्वच्छ देतो. फोनच्या चौकटीत रंग प्रत्येक वेळी वेगळा येतो, पाठपुराव्यात तुलनाच होत नाही.

पेंच_काठी
पाठपुराव्यापुरतं मान्य. पण परजीवीत डाग मॅक्युलाची वाट पाहत बसत नाही. टॉक्सोकाराची गाठ कडेलाही असते, सिस्टिसर्कसची सिस्ट (पिशवी) कुठंही असते. आणि सिस्ट हलते, ती फोटोत कशी धराल? मधल्या भागाला कॅमेरा, कडेला आणि हालचालीला फोन, असं वाटून घ्या.

झाडीपट्टी
गडचिरोलीकडं पडद्याचा फोटो म्हटला की आधी मलेरिया आठवतो. फॅल्सिपॅरम मलेरियात बेशुद्ध झालेल्या मुलाच्या पडद्यावर चार गोष्टी शोधायच्या : मॅक्युलाभोवती पांढुरकेपणा (नेमका मध्यबिंदू बहुधा सुटतो), रक्तवाहिन्यांचा रंग नारिंगी किंवा पांढरा होणं, मधे पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव, आणि डिस्कची सूज. पहिल्या दोन गोष्टी मलेरियाच्या जवळजवळ खास. नुसती डिस्कची सूज इतर कशानंही येते.

याचं महत्त्व असं की मलेरिया असलेल्या भागात रक्ताची स्लाइड पॉझिटिव्ह आणि मूल बेशुद्ध, एवढ्यावरून बेशुद्धी मलेरियाचीच असं होत नाही. मलावीत ब्लँटायर इथल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात सेरेब्रल (मेंदूचा) मलेरिया अशी नोंद झालेल्या ३१ मुलांपैकी ७ जण दुसऱ्याच कारणानं गेलेले निघाले. खऱ्या-खोट्यात फरक दाखवणारी खूण पडद्यावर होती. म्हणून पडदा स्वच्छ दिसला तर मलेरियाचं औषध चालूच ठेवून मेंदूज्वर, साखर उतरणं वगैरे जोरानं शोधायचं.

फोटोतली फसगत : लहान मुलांचा पडदा मुळात चकाकतो. ती चकाकी उजेड हलवला की हलते. मलेरियाचा पांढुरकेपणा जागचा हलत नाही. म्हणून एकच फोटो न काढता लेन्स थोडी झुलवत पाच-सात सेकंदांचा व्हिडिओ घ्या. रक्तस्राव पाहायला हिरवा फिल्टर लावा, लाल भाग काळा होऊन उठून दिसतो.

सुतळी
मलेरियाला "डोळ्यातला परजीवी संसर्ग" म्हणणं ताणल्यासारखं वाटतं. तिथं परजीवी पडद्याच्या ऊतीत शिरत नाही, लाल पेशी बारीक वाहिन्यांत चिकटून बसतात.

झाडीपट्टी
बरोबर. पडद्यातल्या वाहिन्या मेंदूतल्या वाहिन्यांच्या नात्यातल्या, तिथं पेशी अडकल्या तर इथंही अडकतात. खिडकी डोळ्याची, घर मेंदूचं. पण कॅमेरा तोच, ड्रॉप तोच, म्हणून याच धाग्यात घुसडलं.

एक राहिलं. बेशुद्ध रुग्णाची बाहुली ड्रॉपनं मोठी केली की पुढचे काही तास बाहुलीची प्रतिक्रिया पाहून काही कळत नाही. आधी बाहुल्यांचा आकार आणि प्रतिक्रिया नोंदवा, मग ड्रॉप टाका आणि केसपेपरवर औषध, डोळा, वेळ ठळक लिहा. डोक्याला मार असेल तर ड्रॉपच नको. आणि फोटोसाठी मलेरियाचं आर्टेसुनेट इंजेक्शन एक मिनिटही थांबवू नका.

संत्रा_बर्फी
रुग्ण आडवा असेल तर कुठं उभं राहायचं?

झाडीपट्टी
डोक्याशी. पापण्या मदतनीसानं धरायच्या, बुबुळावर दर अर्ध्या मिनिटाला सलाईनचा थेंब, नाहीतर कोरडं पडून सगळे फोटो धुरकट येतात आणि आपण व्हिट्रायटिस (व्हिट्रियसचा दाह) समजून बसतो.

हळदीचं_पान
मूळ प्रश्नातला सगळ्यात धोक्याचा भाग अजून कुणी घेतला नाही : सिस्टिसर्कस, म्हणजे फिट, मेंदूच्या सीटीत गाठ, आणि अल्बेंडाझोल (परजीवीनाशक गोळी).

ग्रामीण भागात हा रुग्ण डोळ्यांच्या ओपीडीत येतच नाही. तो मेडिसिनकडं येतो. सीटीत एखाद-दुसरी रिंग (गोल कड्यासारखी गाठ), न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूतला सिस्टिसर्कस) असं निदान, आणि अल्बेंडाझोल दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. आता त्याच रुग्णाच्या डोळ्यात, पडद्याखाली किंवा व्हिट्रियसमध्ये जिवंत सिस्ट असेल तर? औषधानं ती मरते, तिच्यातला ऐवज आत सांडतो आणि असा दाह पेटतो की डोळा जाऊ शकतो. म्हणूनच परजीवीनाशक सुरू करण्याआधी प्रत्येक रुग्णाचा पडदा पाहावा असं न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय. डोळ्यातली सिस्ट शस्त्रक्रियेनं काढायची असते. फिटची गोळी मात्र थांबवायची नाही, थांबतं ते फक्त परजीवीनाशक.

सिस्ट दिसते कशी : गोल, अर्धपारदर्शक, पांढुरकी पिशवी आणि तिच्या आत एका जागी दाट पांढरा ठिपका, ते किड्याचं डोकं. उजेड पडला की पिशवी आकसते-फुगते, कधी डोकं बाहेर काढते. मंद उजेडात २०-३० सेकंद व्हिडिओ चालू ठेवा, लेन्स अजिबात हलवू नका. आपला हात हलला की सिस्ट हलल्याचा भास होतो. शेजारची रक्तवाहिनी चौकटीत असू द्या, ती स्थिर आणि पिशवी हलती असं दिसलं तर वाद उरत नाही.

संत्रा_बर्फी
म्हणजे मेडिसिनवाल्यांना सांगून टाकावं, फिटचा प्रत्येक रुग्ण कॅमेऱ्याखाली घाला, फोटो नॉर्मल आला की अल्बेंडाझोल सुरू. सोपं काम.

हळदीचं_पान
इथंच चूक होते. ४५ अंशांचा एक फोटो म्हणजे मधला भाग. सिस्ट त्याच्या बाहेर असेल तर फोटो नॉर्मलच येणार. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपनं तर त्याहून किती तरी कमी दिसतं. फोटोत सिस्ट दिसली तर निर्णय झाला : अल्बेंडाझोल थांबवा, व्हिट्रिओ-रेटिना सर्जनकडं पाठवा. दिसली नाही तर निर्णय झालेला नाही. बाहुली मोठी करून इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपनं कडेपर्यंत पाहायला हवं.

शेऱ्यात "डोळ्यात सिस्ट नाही" असं लिहू नका. "मधल्या ४५ अंशांत सिस्ट आढळली नाही, कडा पाहिलेली नाही" असं लिहा. वाचणाऱ्या डॉक्टरला नेमकं किती झालं आणि किती राहिलं ते कळतं.

सुतळी
यात जोड : मोतीबिंदू किंवा व्हिट्रियस धुरकट असल्यानं पडदा दिसतच नसेल तर तेही "नॉर्मल" नव्हे. "दिसत नाही" लिहा आणि बी-स्कॅनला पाठवा. बी-स्कॅनमध्ये सिस्ट आणि आतला चमकदार ठिपका छान कळतो.

वऱ्हाडी_ठेचा
पन आमच्या गावात अर्धे लोक माळकरी, डुकराचं मटन तं सोडा, अंडंबी नाही खात. त्याइले हे काऊन होते?

हळदीचं_पान
हा गैरसमज फार आहे. डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाऊन आतड्यात फीतकृमी होतो. सिस्टिसर्कस होतो तो त्या कृमीची अंडी पोटात गेल्यानं, म्हणजे विष्ठा लागलेला भाजीपाला, पाणी, न धुतलेले हात. माळकऱ्याच्या पानातली कोशिंबीरसुद्धा पुरते. त्यामुळे "शाकाहारी आहे" म्हणून शंका सोडून देऊ नका.

गोधडी
मग शाळेत देतात ती जंताची गोळी? तीही अल्बेंडाझोलच ना? पालक हा धागा वाचून घाबरतील.

हळदीचं_पान
ती ४०० मिलिग्रॅमची एकदाच (एक ते दोन वर्षांच्या बाळाला २००). पोटातल्या जंतांसाठी आहे, त्याआधी डोळे तपासण्याची पद्धत नाही. हत्तीरोगाच्या मोहिमेतली गोळीही घ्यायचीच. इथं चाललंय ते मेंदूतल्या गाठीसाठी रोज वजनानुसार दिवसेंदिवस देण्याच्या उपचाराबद्दल. मात्र एखाद्याला आधीच फिट येत असतील तर गोळी देण्याआधी तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला ते सांगायला हवं.

बुबुळ
टॉक्सोकाराचं कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. लहान मूल, बहुधा एकच डोळा, तिरळेपणा किंवा फोटोत बाहुली पांढरी. पडद्यावर पांढरी उंचवट्याची गाठ, मध्यभागी किंवा कडेला, आणि तिथून डिस्ककडं ताणलेला पट्टा. मॅक्युला त्या बाजूला ओढलेला. डिस्क ते मॅक्युला हे अंतर दोन्ही डोळ्यांच्या फोटोत शेजारी ठेवून पाहा, ओढ लगेच कळते. म्हणून चांगल्या डोळ्याचा फोटोही घ्यायचाच.

पण पांढऱ्या बाहुलीचं मूल समोर असताना फोटोवरून "टॉक्सोकारा वाटतो" असं म्हणत आठवडे घालवू नका. रेटिनोब्लास्टोमा नाही हे ठरेपर्यंत तो कॅन्सर समजूनच पाठवायचं. बी-स्कॅनमध्ये कॅल्शियम आहे का हे पाहिलं जातं. आणि अशा डोळ्यात सुई घालून नमुना काढण्याचा विचारसुद्धा खाली कुणी करू नये.

शौचाची तपासणी मागवू नका, वेळ जातो. टॉक्सोकाराची अळी माणसात प्रौढ होत नाही, त्यामुळे माणसाच्या विष्ठेत अंडी येतच नाहीत. रक्ताची एलायझा (प्रतिपिंडांची तपासणी) करतात, तीही डोळ्यापुरत्या आजारात निगेटिव्ह येऊ शकते.

गोधडी
कुत्र्याच्या पिल्लांमुळे होतो तोच ना? अंगणात पिल्लं आणि पोरं एकत्रच लोळतात.

सुतळी
तोच. पण ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, अंडी मातीत दोन-चार आठवडे पिकावी लागतात. म्हणून पिल्लापेक्षा अंगणातली माती जास्त बाधते. पिल्लांना दोन आठवड्यांची झाल्यापासून जंताचं औषध, विष्ठा रोज उचलून पुरणे, पोरांचे हात धुणे.

पेंच_काठी
मालगुजारी तलावांच्या पट्ट्यात (भंडारा-गोंदिया) आणखी एक विचारत जा : मूल तलावात डुंबतं का? दक्षिण भारतात तळ्यात पोहणाऱ्या मुलांच्या डोळ्यात गोगलगायीवाटे येणाऱ्या चपट्या कृमीच्या गाठी आढळल्या आहेत. त्या डोळ्याच्या पुढच्या भागात असतात, पडद्याच्या कॅमेऱ्यात येणार नाहीत. पुढचा डोळाही फोनवर टिपून ठेवा.

संत्रा_बर्फी
आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात, कातडीखाली वळवळणारा किडा घेऊन कुणी आलं तर? तो पडद्याचा विषय नाही, पण येतात.

बुबुळ
बहुधा डायरोफिलारिया, कुत्र्यांचा, डासावाटे येतो. आधी व्हिडिओ काढा, कारण भूल देईपर्यंत तो मागे सरकून दिसेनासा होतो. मग कंजंक्टायव्हा (पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा) उघडून अख्खा काढतात. तुटू द्यायचा नाही आणि प्रयोगशाळेत पाठवायचा.

रानमेवा
वर डीयूएसएन म्हटलंय ते काय?

बुबुळ
एका डोळ्याच्या पडद्याखाली फिरणारी एकच अळी. सुरुवातीला पडद्यावर खोलवर करडे-पिवळसर ठिपक्यांचे पुंजके येतात, काही दिवसांत विरतात, शेजारी नवे उगवतात. कळलं नाही तर शेवटी डिस्क फिकी, वाहिन्या बारीक, काळे डाग, आणि लोक एका डोळ्याचा रातांधळेपणा म्हणून सोडून देतात. फोटो इथं खरा कामाचा : त्याच भागाचे काही दिवसांच्या अंतरानं घेतलेले फोटो एकावर एक ठेवायचे. ताजे ठिपके जिथं, अळी त्याच आसपास. पांढरी, चमकदार, वळलेली, अर्ध्या ते दोन मिलिमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती. मोठी केलेली चौकट निवांत पाहावी लागते. दिसली तर लेझरनं तिथंच मारतात. जागा लिहून ठेवून रुग्णाला "उद्या या" म्हटलं की उद्या ती तिथं नसते.

काळी_माती
भरपूर मिळालं, आभार. टॉक्सोच्या पाठपुराव्यात फोटोत नेमकं काय मोजायचं? दोन फोटोंचा रंग जुळत नाही ही संत्रा_बर्फींची तक्रार इथंही आहे.

सुतळी
रंगाकडं पाहू नका, कडेकडं पाहा. डाग बसत चालला की पुसट कड रेखीव होते, आकार आकसतो, काठाला काळं रंगद्रव्य जमतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांत हे व्हायला हवं. तोच कॅमेरा, तोच मध्यबिंदू, फ्लॅशची तीच पातळी, आणि डागाचा आकार डिस्कच्या व्यासाशी ताडून लिहा ("दीड डिस्क"). धुरकटपणा वेगळा लिहा : डिस्कची कड दिसते का, वाहिन्या दिसतात का. आधी धुरकट असलेला फोटो स्वच्छ झाला की डाग "मोठा" भासतो. तो मोठा झालेला नसतो, आत्ता दिसू लागलेला असतो.

आणि दर वेळी त्याच जागी पांढरा ठिपका येत असेल तर दुसऱ्या डोळ्याचा फोटो काढा. तिथंही त्याच कोपऱ्यात असेल तर तो लेन्सवरचा डाग. कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ-तंतू फार, रोज सकाळी लेन्स पुसा.

रानमेवा
मे महिन्यात फोनचा टॉर्च मधेच बंद पडतो त्याचं काय करता?

पेंच_काठी
तापतो म्हणून विझवतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावून व्हिडिओ घेऊ नका, एका डोळ्याला एका वेळी अर्ध्या मिनिटाहून जास्त टॉर्च नको. रुग्णालाही तेवढंच सोसतं. फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, लेन्सच्या आत दव धरतं.

वऱ्हाडी_ठेचा
हे कोनी केलं होतं रे? 😀

काळी_माती
शेवटचं : पाठवायचं कसं?

हळदीचं_पान
व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो, डीयूएसएनची अळी तर पुसूनच जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात रुग्णाचं नाव नको, नोंदणी क्रमांक, उजवा/डावा, तारीख. दोन्ही डोळे, प्रत्येकी डिस्क-मध्य, मॅक्युला-मध्य आणि चार दिशा, सोबत व्हिडिओ. चार ओळी लिहा : वय, दृष्टी (चष्म्यासह आणि छिद्रातून), किती दिवस, दुखतं-लाल आहे का, फिट, ताप, एचआयव्ही, सुरू असलेली औषधं, त्यात अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइड आहे-नाही हे वेगळं लिहा, आणि काय दिसलं नाही ते.
आज पाठवायचं असेल तर ड्रॉपची वेळ चिठ्ठीवर घाला. बाहुली मोठी असताना रुग्णाला एकट्यानं मोटारसायकलवर सोडू नका, एसटीत सोबत कुणीतरी द्या.

काळी_माती
मेडिसिनच्या डॉक्टरांशी बोलतो. सीटीत रिंग आली की अल्बेंडाझोलच्या आधी आमच्याकडं चिठ्ठी, एवढं झालं तरी पुरे. इनडायरेक्टवाले सर गुरुवारी येतात, ते रुग्ण त्या दिवशी लावतो.

हळदीचं_पान
गुरुवारपर्यंत थांबायला बहुतेकांना हरकत नसते, सिस्टला मारण्याची घाई सहसा नसते. पण डोकेदुखी, उलट्या, डिस्कला सूज असेल तर गुरुवारची वाट पाहू नका, ती मेंदूच्या दाबाची भानगड आहे, लगेच पाठवा.